परिचारिकेची सनद : लेखांक तिसरा

गेल्या लेखांकात परिचर्येच्या शिक्षणाच्या तीन पायऱ्या आपण पाहिल्या : एएनएमचा दोन वर्षांचा, जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा आणि विद्यापीठीय पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. पदवीवाचून कोणासही नोंदणीची सनद देऊ नये असे म्हणणाऱ्या पक्षाला, आणि पदवी हे केवळ थोतांड आहे असे म्हणणाऱ्या प्रतिपक्षालाही, १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दाखला विचारात घ्यावा लागेल. दुर्दैवाने तो बहुधा अर्धाच वाचला जातो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून तेथील ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जन्मतः श्वास कोंडला असल्यास तो सुरू करणे, आणि जंतुदोषाची ठरावीक लक्षणे दिसूनही आईबाप इस्पितळात जाण्यास राजी नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, एवढे त्यांचे काम. परंतु तेवढ्याने तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात अर्भकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. त्याआधी न्यूमोनिया ओळखण्यासाठी याच संस्थेने निरक्षर सुइणींच्या हाती एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या तारा दिल्या होत्या : बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर औषध सुरू करायचे.

यावरून पदवी निरुपयोगी ठरवणारे घाई करतात. आरोग्यदूताचे काम आखीव होते, औषधे मोजकी होती, आणि तिची नोंदवही पर्यवेक्षक नियमाने तपासत असे. उपकेंद्रातील सिस्टरला यांपैकी काय लाभते? आदिवासी मुलखात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र हा सरकारी दंडक. तेथे बाळंतपण, लसीकरण, हिवताप, सर्पदंश हे सारे तिच्याच दारी येते, आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट तुटली असता बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, तर वरिष्ठांचा हुकूम मागण्यास ती जाणार कोठे? अशा जागी निर्णयशक्ती हवी, आणि ती अधिक शिक्षणाने वाढते हे मी निःसंकोच मान्य करतो.

पण पदवीच्या वर्गात शिरण्यास बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. एटापल्ली-सिरोंच्याकडील ज्या मुलीला माडिया किंवा गोंडी मातृभाषेसारखी येते, तिची वाट या अटीपाशीच अडते. तिच्या जागी येणारी पदवीधर कितीही निष्णात असली, तरी पोट कोठे आणि कसे दुखते हे रुग्णाकडून समजून घेण्यास तिला दुभाषी लागणार.

तेव्हा सनदेसाठी पदवीची सक्ती असू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. एएनएमला जनरल नर्सिंग, आणि तेथून पुढे दोन वर्षांत पदवी, अशी शिडी कागदोपत्री आहेच. परंतु घरखर्च चालवणाऱ्या बाईने बिनपगारी रजेवर ती चढावी कशी? १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत झाला आहे. त्याखाली नियम करणाऱ्यांनी अभ्यासक्रमांची उतरंड ठरवावीच. सरकारने मात्र त्याआधी वनजिल्ह्यांतील सिस्टरसाठी पगारी शिक्षणरजा आणि उपकेंद्राची नियमित तपासणी, या दोन गोष्टींची तरतूद अंदाजपत्रकात करावी.