परहेज एकट्याचे नसते

घरात कुणाला शुगर निघाली की डॉक्टर औषधे लिहून देतात आणि सोबत काय खायचे, काय टाळायचे तेही सांगतात. औषधे त्याच दिवशी मेडिकलमधून घरी येतात. खाण्यापिण्याचा कागद कपाटाच्या दारावर चिकटतो आणि तिथेच पिवळा पडतो. आमच्या कामरगावात काय किंवा कारंजा, मंगरूळपीरकडच्या गावांत काय, हेच पाहायला मिळते. लोकांना परहेज कळत नाही असे नाही. गोळी एकट्याला गिळता येते, पण जेवण एकट्याचे बदलत नाही. दस्तरखानावर सगळ्यांसमोर तर्रीदार सालन आणि एकासमोर फिकी भाजी, हे आठ दिवस चालते. नवव्या दिवशी रुग्णाचा हात सालनाकडे वळतोच.

आजारी माणूस घरची बाईच असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. ती सगळ्यांच्या आवडीचे रांधते, सगळ्यांना वाढते आणि शेवटी उरलेला भात खाते. स्वतःसाठी वेगळी भाजी टाकायला तिला वेळही नसतो आणि संकोचही वाटतो. म्हणून आहाराच्या उपचाराबद्दल आमचे पहिले म्हणणे हे, की रुग्णाचे ताट वेगळे करू नका, घरची चूल बदला.

झारखंडने दाखवलेली गोष्ट

हे नुसते सांगण्यापुरते नाही. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोगाच्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. सर्व रुग्णांना औषधांसोबत दरमहा शिधा दिला गेला. त्यातल्या एका गटात घरातल्या इतर माणसांनाही शिधा मिळाला. प्रौढ माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. बाकी काही वेगळे केले नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सगळ्यांचे पोट नीट भरले, तिथे घरच्यांना नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. फुफ्फुसाच्या संसर्गजन्य टीबीत तर ही घट ४८ टक्के होती. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत मदत मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १००० रुपये आहे. ही रक्कम अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांवरच खर्च व्हावी. आणि अंडे आणाल तर ते लेकरांच्या ताटातही पडावे.

शुगर : भाकर, भात आणि माप

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे ज्या घरात एकाला शुगर आहे, त्या घरात उद्याचा दुसरा रुग्ण बहुधा त्याच दस्तरखानावर बसलेला असतो.

आपल्या वऱ्हाडात पूर्वी ताटात ज्वारीची भाकर असायची. पुढे शिवारात सोयाबीन वाढले, ज्वारी घटली, आणि रेशनवर गहू-तांदूळ येऊ लागला. ज्वारीत तंतू जास्त असतात, त्यामुळे पांढऱ्या भाताच्या मानाने साखर सावकाश चढते. पण भाकर म्हणजे औषध नव्हे. तिच्यातही पिष्ट असतेच. शुगरवाल्याने तीन भाकरी खाल्ल्या तर फायदा तिथेच संपतो.

सोपे माप असे आहे. अर्धे ताट भाजी आणि कच्च्या काकडी-मुळ्याचे. पाव ताट डाळ, अंडे, मासे किंवा गोश्त. उरलेल्या पाव ताटात भाकर, पोळी किंवा भात, यांपैकी एकच. आधी भाजी आणि डाळ खावी, भाकर-भात नंतर. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. गोश्त बंद करायची गरज नाही. दुधी आणि हरभऱ्याची डाळ जास्त घालून केलेला दालचा सगळ्या घराला चालतो, फक्त वर तरंगणारे तेल कमी हवे. तेल माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर पुरते. घरात किती डबे संपतात, याचा हिशोब एकदा करून पाहा.

मधाला, गुळाला साखरेतून सूट नाही. तिन्हींनी शुगर वाढते.

बीपी : मिठाचा पुडा मोजा

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट एक चमचा. पाच जणांच्या घराला महिन्याला पाऊण किलो मीठ झाले. किलोचा पुडा महिनाभरही पुरत नसेल आणि वर लोणचे, पापड, फरसाण चालू असेल, तर कुणा एकाचे नाही, अख्ख्या घराचे मीठ जास्त आहे. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो. सैंधव मीठही शेवटी मीठच. कणकेत आणि भातात मीठ टाकणे थांबवले तरी बराच फरक पडतो, आणि आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते. किडनीचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. किडनी खराब असेल तर डाळ आणि गोश्त किती खायचे, तेही डॉक्टरच ठरवतील.

रक्त कमी : कलेजी कुणाच्या वाट्याला?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. पुरुषांत हेच प्रमाण २५ टक्के. इतक्या फरकामागे पाळी आणि बाळंतपण आहे, पण वाढण्याची रीतही आहे. ईदला कलेजी प्रथम कुणाच्या ताटात पडते, हे आपण सगळे जाणतो. कलेजी-गोश्तातले लोह अंगाला सर्वांत चांगले लागते. मुलींना आणि सुनांना त्यात वाटा मिळालाच पाहिजे. फक्त गरोदर बाईने कलेजी वारंवार खाऊ नये, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते.

रोजच्या जेवणात पालेभाज्या, हरभरे, तीळ ठेवावेत. त्यांतले लोह अंगी लागायला लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा टाळावा. जेवणाला लागूनच घेतलेला चहा लोह वाया घालवतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्णही आहेत. म्हणून रक्त कमी निघाले तर कारण तपासून घ्यावे, मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

जुलाब आणि ताप : उपाशी ठेवू नका

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. तेच आज ओआरएस म्हणून दवाखान्यात मिळते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून घोटघोट पाजावे. चमचा चहाचा, लहान. जुलाबात मुलाचे जेवण तोडू नये. अंगावरचे दूध, मऊ खिचडी, दही-भात, केळे चालू ठेवावे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये. तापातही लंघन नको. पातळ वरण, शोरबा, पेज दर दोन तासांनी थोडे थोडे द्यावे.

रमजानच्या आधी

शुगर असलेल्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे, कारण गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा व मात्रा बदलाव्या लागतात. सेहरी टाळू नये. इफ्तारला एक-दोन खजूर पुरेत. भजी-समोसे आणि सरबत हीच खरी अडचण. रोजात शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. बोटाला टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे. ती घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. घरातल्यांनी म्हाताऱ्या माणसाला टोमणे मारू नयेत, उलट दुपारी त्याच्यासाठी दोन घास स्वतःहून पुढे करावेत.

दवाखान्यात कोण जाते?

आहाराने औषध कमी होऊ शकते, पण ते डॉक्टरांनी कमी करायचे. शुगर आटोक्यात आली म्हणून परस्पर गोळी सोडणे धोक्याचे आहे. शिफा अल्लाहच्या हाती आहे, परहेज मात्र आपल्या हाती.

आमची एक सूचना आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात रुग्णाला एकट्याला पाठवू नका. घरात जो बाजार आणतो आणि जी रांधते, ते दोघेही सोबत जाऊ द्या. डॉक्टरांनी सांगितलेले परहेज त्या दोघांच्या कानावर पडले, तरच ते पिशवीत येईल आणि पिशवीतून पातेल्यात जाईल.