बालवयातील सौम्य आवर्ती भोवळ

बालवयातील सौम्य आवर्ती भोवळ हा लहान मुलांना अचानक येणाऱ्या व आपोआप थांबणाऱ्या भोवळीचा विकार आहे. एल. एस. बासर यांनी १९६४ साली त्याचे वर्णन केले. तो अर्धशिशीशी संबंधित मानला जातो. अशा अनेक मुलांच्या कुटुंबात अर्धशिशी आढळते. बाराणी सोसायटी व आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेने २०२१ मध्ये त्यासाठी 'बालवयातील पुनरावर्ती भोवळ' या अर्थाचे नाव स्वीकारले.

लक्षणे

विकाराची सुरुवात बहुधा २ ते ५ वर्षे वयात होते. खेळता खेळता मूल एकाएकी घाबरते, फिकट पडते, जवळच्या व्यक्तीला वा भिंतीला घट्ट धरते. तोल जातो, कधी उलटी होते, बुबुळे झटक्याने हलतात. झटका सुरुवातीलाच सर्वांत तीव्र असतो व बहुधा काही मिनिटांत ओसरतो. शुद्ध हरपत नाही. त्यानंतर मूल पूर्ववत खेळू लागते. 'घर फिरते' असे सांगता न येणाऱ्या मुलाचे भय हीच पालकांसाठी मुख्य खूण ठरते.

निदान

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणानुसार किमान ५ झटके आलेले असावेत आणि दोन झटक्यांमधील काळात मज्जासंस्था, श्रवण व तोल यांची तपासणी निर्दोष असावी. भ्रमणध्वनीवर केलेले झटक्याचे चित्रण निदानास उपयोगी पडते.

मराठीत 'चक्कर' हा शब्द गरगरणे व घेरी येणे या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. तेथे उन्हात उभे राहून डोळ्यांपुढे अंधारी येणे बहुधा शरीरातील पाणी कमी झाल्याचे लक्षण असते, तर या विकारात भोवताल फिरल्याचा भास होतो. झटक्याला आकडी समजल्यास अपस्माराची औषधे अकारण सुरू होण्याचा धोका असतो.

धोक्याची चिन्हे

शुद्ध हरपणे, हातपाय झटकणे, ऐकू कमी येणे, कानातून स्राव, ताप, डोक्याला मार, सकाळी डोकेदुखीसह उलट्या, किंवा झटक्यानंतरही चाल अस्थिर राहणे ही चिन्हे अन्य आजार सुचवतात. अशा वेळी विलंब न करता वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

उपचार व वाटचाल

झटक्यात मुलाला सुरक्षित जागी बसवणे वा निजवणे व धीर देणे पुरेसे असते. पुरेशी झोप व वेळेवर जेवण हितकारक ठरते. बहुतेक मुलांमध्ये हे झटके काही वर्षांत थांबतात; काहींना पुढे अर्धशिशी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडून अंगणवाड्या व शाळांत होणाऱ्या आरोग्य तपासणीच्या वेळी पालकांना अशा झटक्यांची माहिती देता येते.