छोटा हत्ती घ्यावा की पिकअप?

आपल्या व्यापारी आणि कारीगर बांधवांपैकी अनेकांचे घर, दुकान आणि कारखाना एकाच गल्लीत, कधी तर एकाच छपराखाली असतो. अशा माणसाला गाडी एकच परवडते. सकाळी बाजाराला जायला तीच, माल आणायला तीच, आणि घराचे बांधकाम निघाले तर विटा-वाळू आणायलाही तीच. म्हणून शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी आपला रोजचा माल काट्यावर घालून पाहावा.

टाटांची एस २००५ साली आली आणि लोकांनी तिचे नाव छोटा हत्ती ठेवले. तिची भारक्षमता साधारण पाऊण टन. २०१६ साली आलेली मारुतीची सुपर कॅरी याच वर्गातली. तिच्या पेट्रोल गाडीत ७४० किलो माल चालतो, सीएनजीमध्ये ६२५ किलोच, कारण टाकीचे वजन मालातून वजा होते. अशोक लेलँडची दोस्त सव्वा टनाची, तर महिंद्राची बोलेरो पिकअप १.३ ते १.७ टनांची.

आता कापडाचा हिशोब पाहा. मीटरला १२० ग्रॅम वजनाचे कापड धरले तर शंभर मीटरचा तागा १२ किलोचा झाला. साठ तागे म्हणजे ७२० किलो. छोटा हत्ती इथेच भरला! पण हौदा काही भरलेला दिसत नाही, आणि हात आणखी वीस तागे टाकायला शिवशिवतो. रेडीमेडवाल्याचे उलट आहे. त्याचा हौदा ताडपत्रीपर्यंत भरतो, वजन मात्र निम्मेही होत नाही. त्याने पिकअपवर जादा पैसा घालू नये. सुताराने लांबी मोजावी. प्लायवूड आठ फुटी असते आणि छोट्या हत्तीचा हौदा सव्वासात फुटांच्या आत, म्हणजे फाळका उघडा ठेवून फळ्या बाहेर लोंबणार. त्याला नऊ फुटी हौद्याची पिकअप बरी. लोखंडाचे काम करणाऱ्याने तर वजनाशिवाय दुसरे काही पाहूच नये.

रस्ताही पाहावा. गावातल्या गावात फेऱ्या असतील तर लहान गाडी अरुंद बोळात वळते. टाटांनी २०२२ साली आणलेली बॅटरीवरची एसही अशा फेऱ्यांना चालेल, फक्त रात्री चार्जिंगची सोय घरी हवी. मात्र मालेगावहून भरलेली गाडी घेऊन दर आठवड्याला कसारा घाट उतरून भिवंडी गाठायची आणि परतीला तोच घाट चढायचा असेल, तर पिकअपच घ्यावी. वर्षातून दोन-चारदा, ईदच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत, माल दुप्पट येतो. त्यासाठी मोठी गाडी विकत घेऊ नये, त्या दिवशी भाड्याने बोलवावी.

कायद्याविषयी बरेच गैरसमज आहेत. माल स्वतःचा असला तरी मालवाहू गाडीची पाटी पिवळीच. भारासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. पिकअपचे प्रकार या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत, तेव्हा कागदावरचा आकडा विचारून घ्यावा. नव्या गाडीचे पासिंग दोन वर्षांचे, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. साध्या मोटारीच्या लायसन्सवर ही गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. मोटारकारवर ती सहसा मिळत नाही. हिशोबनिसाला हे जरूर विचारा.

जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. एका फेरीचे भाडे वाचवायला ही जोखीम कोण घेईल? तरीही घेतात.

याहून मोठी गोष्ट माणसांची. लग्नाला जायचे म्हटले की हौद्यात सतरंजी टाकून बायका-मुले बसवली जातात. केबिनमध्ये आर.सी.वर लिहिले आहे तितकीच माणसे बसावीत. हौद्यातली माणसे अपघातात सापडली तर विमा कंपनी जबाबदारी नाकारते, आणि दवाखान्याचा खर्च व भरपाई मालकाच्या अंगावर येते. जीव गेला तर त्याला भरपाई कसली? कामगार किंवा घरची माणसे नेहमी न्यायची असतील तर बोलेरो कॅम्परसारखी दोन ओळींची केबिन असलेली गाडी घ्यावी. पाच माणसे बसतात, सुमारे एक टन माल जातो, हौदा मात्र आखूड मिळतो. इसुझु व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या खासगी पाटीच्या पिकअप दिसायला ऐटदार आहेत. पण त्या किमतीत आपल्या धंद्याच्या दोन गाड्या येतील.

व्याजाचे कर्ज टाळायचे म्हणून अनेकजण जुनी गाडी रोखीने घेतात. तिच्या आर.सी.वर फायनान्सचा बोजा आहे का ते पाहावे. असेल तर फायनान्सवाल्याची एन.ओ.सी. आणि सहीचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मग गाडीखाली वाकून पाहावे. मागच्या पाट्यांमध्ये जादा पाटा घातलेला असेल, किंवा चॅसीवर वेल्डिंगचा ताजा रंग असेल, तर त्या गाडीने क्षमतेबाहेर माल ओढलेला आहे, मीटर काहीही दाखवो.