न मिसळणाऱ्या प्लॅस्टिकांचा सांधा

तांबे व जस्त एकत्र वितळविले की पितळ तयार होते. दोन प्लॅस्टिके एकत्र वितळविली असता मात्र असा एकजीव पदार्थ क्वचितच मिळतो. मुंबईतील धारावीत भंगार प्लॅस्टिकची जातवार निवड केली जाते ती याच कारणाने. तुकडा वाकवून, प्रसंगी जाळून व त्याचा वास घेऊन, पॉलिथिन कोणते व पॉलिप्रॉपिलीन कोणते हे कामगार ओळखतात. ही निवड चुकली तर पुन्हा घडविलेली वस्तू ठिसूळ होते.

वस्तुतः हे दोन्ही पदार्थ कार्बन व हायड्रोजन यांचेच बनलेले आहेत. मग ते मिसळत का नाहीत? प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांब साखळ्या होत. लहान रेणू सरमिसळ होण्याकडे सहज झुकतात. लांब साखळ्यांत ही प्रवृत्ती अत्यल्प असते. त्यामुळे दोन जातींमधील किंचितशी नावडही त्यांना वेगळे ठेवण्यास पुरेशी ठरते. वितळलेल्या मिश्रणात एका पदार्थाचे थेंब दुसऱ्यात विखुरतात. घुसळल्याने ते फुटतात, पण एकमेकांवर आदळून पुन्हा मोठे होतात. मिश्रण थिजल्यावर थेंबाभोवतीची सीमा दुबळीच राहते आणि ताण पडताच तडा तिच्यातून धावतो.

तेव्हा उपाय या सीमेवरच करावयास हवा. जिचा एक भाग पहिल्या पदार्थाशी व दुसरा भाग दुसऱ्याशी जुळतो, अशी जोडसाखळी मिश्रणात घालतात. तेल व पाणी यांच्यामध्ये साबण जसा उभा राहतो, तशी ती सीमेवर स्थिरावते. तिच्यामुळे सीमेवरील ताण घटतो व थेंब बारीक होतात. थेंबांना ती परस्परांत विलीन होऊ देत नाही. आणि दोन्ही बाजूंत गुंतून ती सीमेला टाका घालते. थेंबांचा आकार व सीमेची बळकटी अशा रीतीने हाती आली की पदार्थाचे गुणधर्मही बऱ्याच अंशी हाती येतात. १९७० नंतरच्या दशकात नायलॉन चिवट करण्यासाठी हेच तत्त्व वापरले गेले. त्यात मिसळलेल्या रबराला नायलॉनच्या टोकाशी रासायनिक बंध जोडणारा गट बसविलेला होता.

२०१७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल व मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनी पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन यांच्या ठिसूळ मिश्रणात अशी जोडसाखळी केवळ १ टक्का घालून ते चिवट केल्याचे दाखविले. अशी साखळी स्वस्तात घडविणे मात्र सोपे नाही. ते साधेपर्यंत भंगाराचे मोल निवडणाऱ्या हातांच्या पारखीवरच अवलंबून राहील.