पाठीखालची जमीन

घर पाहायला आलेला पाहुणा आधी छपराकडे पाहतो, मग भिंतींकडे. जमीन कशी आहे ते त्याच्या तळपायांना कळते, पण त्याबद्दल तो बोलत नाही. खरे तर शहापूर-मुरबाडकडच्या कुणब्याच्या, ठाकराच्या किंवा कातकऱ्याच्या घरात माणसाचा बहुतेक वेळ जमिनीवरच जातो. जेवणे, तांदूळ निवडणे, मुलांचा अभ्यास सारे जमिनीवर, आणि रात्रीची झोपही तिथेच. भिंतीला आपण कधीमधी टेकतो. जमिनीला मात्र रोज सात-आठ तास पाठ लावतो.

जनगणनेच्या घरयादीत जमिनीचा रकाना असतो. माती, दगड, सिमेंट, लादी अशी नोंद होते. पण घर पक्के की कच्चे हे ठरते भिंतींवरून आणि छपरावरून. बँकेत आम्हीही घराच्या जमिनीला एकच प्रश्न विचारायचो : लादी बसवली आहे का?

१९९४ साली मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. धसईच्या बाजूला एका खातेदाराने हौसेने माजघरात लादी बसवली होती. दिवाळी सरली आणि त्याची म्हातारी आई वाकळ उचलून पडवीत झोपायला गेली. पडवीची जमीन शेणाने सारवलेली होती. मुलगा ओशाळून मला म्हणाला, ‘‘आईला नवीन कायच रुचत नाय.’’ म्हातारीने ऐकले. म्हणाली, ‘‘रुचायचा प्रश्न नाय सायब. लादी पाठीला चावते. माती नाय चावत.’’

म्हातारीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. त्या रात्री माजघरात आणि पडवीत थर्मामीटर ठेवला असता तर दोन्ही जमिनींचे तापमान जवळपास सारखेच निघाले असते. फरक असतो तो अंगातली ऊब किती वेगाने ओढली जाते याचा. आपली कातडी साधारण ३२-३३ अंशांवर असते. दगड किंवा भाजलेली लादी तिची ऊब भराभर खेचून घेते. सुकी, सच्छिद्र माती हेच काम सावकाश करते. घन ग्रॅनाइटमधून उष्णता लाकडाच्या दहापटींहून अधिक वेगाने वाहते. आणि सर्वांत आळशी वाहक म्हणजे कोंडलेली, स्थिर हवा. लोकर, पेंढा, भाताचे तूस यांची ऊब म्हणजे त्यांनी अडकवून ठेवलेली हवाच असते.

जुन्या जमिनीत हे सगळे नकळत साधलेले असे. जोत्यात दगड-मुरुमाचा भराव, त्यावर माती, पाणी मारून धुम्मस, मग चोपण्याने चोपणे, आणि वर शेणाचा काला. बायका आठवड्याला सारवत. त्यात पुन्हा घरातच चूल. चुलीजवळची हातभर जमीन रात्री उशिरापर्यंत कोमट राही आणि घरातली म्हातारी-कोतारी तिथेच अंथरूण घालीत. (कोरियातल्या लोकांनी याच कल्पनेला पुढे नेले. चुलीचा धूर दगडी जमिनीच्या पोटातून फिरवून ते अख्खी खोली तापवीत.)

म्हणून उद्या सगळ्यांनी लाद्या उखडून शेण कालवावे असे मी म्हणणार नाही. सारवायला बाईची कंबर लागते, आणि शेणाला बैल लागतात. बैल आता किती दारांत उरले? चूल घरात होती तेव्हा धूरही घरात होता, तो बायकांच्या आणि पोरांच्या छातीत जाई. उंदरांची बिळे, त्यामागून येणारी जनावरे, हा त्रास वेगळाच. लादी हवीहवीशी वाटली यात नवल नाही. मात्र ती येताना काय घेऊन गेली, हे कुणी मोजले नाही.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे आणि सपाट प्रदेशासाठी मदत १ लाख २० हजारांची ठरली. या पैशात पाया, भिंती, छप्पर उरकेपर्यंत घरधनी मेटाकुटीला येतो. जमिनीची पाळी शेवटी. मग मिळेल तो भराव, वर पातळसा कोबा आणि त्यावर चकचकीत लादी. गेल्या पौषात डोळखांबच्या पलीकडे अशाच एका नव्या घरात लादीवर नुसती चटई टाकून बाळंतीण आणि पंधरा दिवसांचे पोर निजलेले पाहिले. तान्ह्या मुलाच्या अंगातली ऊब फार लवकर जाते. जुन्या घरात या बाईला बाज मिळाली असती. नव्या घरात बाज ‘अडगळ’ ठरून गोठ्यात गेली होती.

थंडीचा दुसरा भागीदार म्हणजे ओल. या दोन तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भरावातले पाणी दिव्यातल्या वातीतून तेल चढावे तसे वर चढते. पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणजे ओली जमीन दुप्पट चावणार. कधी कधी मात्र ओल खालून येतच नाही. दमट हवेतली वाफ गार लादीवर थिजते आणि आपण म्हणतो लादीला घाम आला. दोन्हींतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने लादीवर चिकटवा आणि दिवसभर ठेवा. पाणी तुकड्याखाली दिसले तर दोष जोत्यात, वर दिसले तर हवेत.

परदेशात थंड मुलखातली मंडळी यावर जमिनीखाली फोमचे जाड तक्ते घालतात. वर्षातले सहा महिने बर्फ असेल तिथे ते योग्यच. आपल्याकडे थंडी दोन-अडीच महिन्यांची, आणि वैशाखात हीच गार जमीन माणसाला जगवते. दुपारी उघड्या अंगाने लादीवर आडवे होण्याचे सुख मी तरी कुठल्या तक्त्यासाठी सोडणार नाही. तेव्हा माझे मत असे, की आपल्याला कायमची अडवायची ती ओल. थंडीसाठी होळीनंतर गुंडाळून माळ्यावर टाकता येईल असाच थर हवा.

असा थर घरातच असतो. खाली पेंढा किंवा जाड चटई, वर घोंगडी, मग वाकळ. लोक पांघरुणे वाढवतात आणि खाली एक सतरंजी टाकतात. खरी गरज उलटी असते, कारण अंगाखाली दबलेल्या गोधडीत हवा उरत नाही. पेंढा दबला तरी थोडी धरून ठेवतो. सर्वांत उत्तम बाज किंवा लाकडी खाट, पण तिच्यावरही आधी घोंगडी अंथरावी, नाहीतर सुंभातून खालचा गार वारा लागतो. बाजेचा दुसरा फायदा सांगायला हवा. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच तिचा दंश बहुधा होतो.

नवे घर बांधणाऱ्याला एवढेच सांगेन, जोते चांगले उंच घ्या, दगडाचे सोलिंग नीट भरा आणि कोब्याखाली जाड प्लास्टिकचा कागद सलग अंथरा, जोडावर जोड चांगला वीतभर चढवून. लादीच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. लादी बसल्यावर मात्र तो लाखातही होत नाही.

किन्हवलीकडच्या एका गवंड्याला मी विचारले, गिऱ्हाईक याबद्दल विचारते का? तो म्हणाला, ‘‘लादीचा रंग विचारतात.’’ त्या दिवशी तो ज्या घरावर होता तिथे घरच्या सुनेने हट्ट करून कागद आणवला होता. काळा कागद जोत्यावर पसरलेला, पोरे त्यावर घसरगुंडी खेळत होती, आणि कागद फाटेल म्हणून गवंडी थापी उगारून त्यांना हाकलत होता.