वाहनांचे संभाषण आणि टोपणनावाची मर्यादा

वाहनांनी परस्परांना बिनतारी संदेश धाडून अपघात टाळावेत, या हेतूने अमेरिकेत जी योजना आखली गेली तीनुसार प्रत्येक वाहन सेकंदाला सुमारे १० वेळा आपले स्थान, वेग, दिशा, ब्रेकची अवस्था, इतकेच नव्हे तर आपली लांबीरुंदीही जाहीर करते. हे संदेश सांकेतिक लिपीत नसतात. अनोळखी वाहनालाही ते तत्काळ वाचता आले पाहिजेत. साहजिकच येथे प्रश्न मजकुराच्या गुप्ततेचा नसून वक्त्याच्या ओळखीचा आहे: वक्ता विश्वासार्ह असावा, पण तो कोण हे कळू नये.

यांपैकी पहिली अट अंकीय स्वाक्षरीने व तिच्यासोबतच्या प्रमाणपत्राने भागते. परंतु तेच प्रमाणपत्र रोज वापरले, तर ते नावच होऊन बसते. चौकाचौकांत ग्राहकयंत्रे बसवणाऱ्यास वाहनमालकाचे घर आणि कचेरी सहज सापडेल. म्हणून वाहनाला दर आठवड्यासाठी २० टोपण प्रमाणपत्रे दिली जातात. अर्ज स्वीकारणाऱ्या यंत्रणेस वाहन ठाऊक असते, प्रमाणपत्रे दिसत नाहीत. ती देणाऱ्या यंत्रणेस प्रमाणपत्रे दिसतात, वाहन ठाऊक नसते. खोटे संदेश धाडणारे वाहन बाद करण्यासाठी लागणारी खूणही दोन निराळ्या यंत्रणांत विभागलेली असते. ज्ञानाची ही वाटणी हाच या योजनेचा खरा गाभा होय.

संख्या २०च का? एकाच वेळी वैध अशी नावे जितकी अधिक, तितके एका लबाड वाहनाला अनेक वाहनांचे सोंग घेऊन खोटी गर्दी भासवणे सोपे. युरोपीय धोरणात ही मर्यादा १०० आहे. तेथे झुकते माप खासगीपणाला मिळाले, असे म्हणावे लागते.

तथापि नाव बदलल्याने ओळख पुसतेच असे नाही. लेखकाने टोपणनाव बदलले तरी जाणता वाचक त्याला शैलीवरून ओळखतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाने नाव बदलले, आणि सेकंदाच्या दहाव्या भागानंतर सुमारे १.७ मीटर पुढे तेवढ्याच लांबीचे ‘नवे’ वाहन प्रकट झाले, तर कोण फसेल? मोकळ्या रस्त्यावर हा बदल व्यर्थच. यावर सुचवलेला उपाय असा की, चौकातल्या गर्दीत शिरून काही क्षण मौन पाळावे व मगच नव्या नावाने बोलावे. पण चौकातच टकरीचा धोका सर्वाधिक असतो, आणि तेवढे क्षण ते वाहन इतरांच्या लेखी अस्तित्वातच नसते.