विजेची गाडी आणि अ‍ॅक्सिलरेटर

शासकीय वापरासाठी विजेवर चालणारीच नवी वाहने घेण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२२ पासून अंगीकारले. अशी गाडी प्रथमच हाती घेणाऱ्या चालकाने एक गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. पेट्रोल इंजिनाची पूर्ण ओढ फेरे वाढल्यावर मिळते. विद्युत मोटारीची मात्र गाडी सुटतानाच उपलब्ध असते. अ‍ॅक्सिलरेटर केवळ मागणी नोंदवितो. तिला किती प्रतिसाद द्यावयाचा, हे नियंत्रक यंत्रणा निवडलेल्या ‘मोड’नुसार ठरविते. सामान्यतः त्याच दाबाला ‘इको’मध्ये सौम्य, तर ‘स्पोर्ट’मध्ये जोरदार ओढ मिळते. म्हणूनच शाळेपुढे, बाजारात वा ओल्या रस्त्यावर ‘इको’च श्रेयस्कर होय. त्यायोगे विजेचीही बचत होते. तथापि, ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर मोड निवडून घटत नाही. तेथे चालकाची सावधगिरीच उपयोगी पडते.